अल्टिमेट व इतर चकती-खेळ

हवेत गरगरत जाणारी प्लॅस्टिकची चकती फेकून व झेलून खेळावयाचे मैदानी खेळ. यांत अल्टिमेट हा सांघिक खेळ प्रमुख असून चकती-गोल्फ, गट्स, मुक्तशैली, दुहेरी चकती इ. अन्य प्रकारही रूढ आहेत. ही चकती ‘फ्रिस्बी’ या नावाने सर्वपरिचित असली, तरी ते एका अमेरिकन कंपनीचे नोंदणीकृत व्यापारी नाव आहे. त्यामुळे संघटित क्रीडाक्षेत्रात बहुधा ते टाळून ‘उडती चकती’ अशा अर्थाची सामान्य संज्ञा वापरतात. अल्टिमेटचे वेगळेपण चकतीपेक्षा त्याच्या नियमांत अधिक आहे. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही त्यात निर्णय देणारा पंच नसतो. नियमभंग झाल्याचे खेळाडूंनीच सांगावयाचे व त्यावरील वाद त्यांनीच मिटवावयाचा, असा दंडक आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मून जगभर पसरलेल्या एखाद्या खेळाने हा दंडक टिकवून धरावा, ही क्रीडेतिहासातील असाधारण गोष्ट होय.

चकती फेकण्याच्या आधुनिक खेळाची वंशावळ पुष्कळदा प्राचीन ग्रीकांच्या थाळीफेकीपर्यंत किंवा भारतीय चक्रापर्यंत नेली जाते. निहंग शीख पगडीवर धारण करतात ते पोलादी चक्र व खेळातील चकती यांच्या उड्डाणामागील तत्त्वांत काही साम्य आहे, हे खरे. परंतु ऐतिहासिक संबंध मात्र काहीच नाही. चकतीचा उगम विसाव्या शतकातील अमेरिकेच्या स्वयंपाकघरात शोधावा लागतो. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथे विल्यम रसेल फ्रिस्बी याने १८७१ मध्ये एक भटारखाना सुरू केला. तेथील ‘पाय’ (सारण भरून भट्टीत भाजलेला पदार्थ) पत्र्याच्या उथळ थाळीतून विकला जाई व त्या थाळीवर फ्रिस्बी हे नाव उमटवलेले असे. रिकाम्या थाळ्या येल व आसपासच्या इतर विद्यापीठांतील विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत आणि समोरच्यास सावध करण्यासाठी ‘फ्रिस्बी’ अशी आरोळी देत, असे सांगतात. अशा फेकीच्या आद्यत्वाचा मान अनेक महाविद्यालये आपल्याकडे घेतात. तथापि त्यांपैकी कोणाचाही दावा निर्णायक पुराव्याने सिद्ध झालेला नाही.

प्लॅस्टिकच्या चकतीचा जनक वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन (१९२०–२०१०) याचा या थाळ्यांशी संबंध नव्हता. १९३७ मध्ये कॅलिफोर्नियात तो व त्याची भावी पत्नी लुसिल ही दोघे लाह्यांच्या डब्याचे झाकण फेकून खेळत होती. पुढे ती केक भाजण्याच्या ताटल्या वापरू लागली. सँता मोनिकाच्या पुळणीवर एकाने पाच सेंटची ती ताटली पंचवीस सेंटना मागितली आणि मॉरिसनला धंद्याची वाट दिसली. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमानाचा वैमानिक होता. इटलीत विमान पडून तो युद्धकैदीही झाला. उड्डाणशास्त्राशी आलेला हा संबंध घेऊन युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याने चकतीचा आराखडा तयार केला व १९४८ मध्ये वॉरन फ्रान्सिओनी या भागीदाराच्या साहाय्याने ती प्लॅस्टिकमध्ये ओतली. आदल्याच वर्षी, जून १९४७ मध्ये, केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यात आकाशात चमकत्या अज्ञात वस्तू पाहिल्याचे सांगितले होते. वृत्तपत्रांनी त्यांस उडत्या बशांचे नाव दिले, मराठीत ज्यांना पुढे ‘उडत्या तबकड्या’ म्हणू लागले. मॉरिसन व फ्रान्सिओनी यांनी आपल्या चकतीस त्या वेळी गाजत असलेले हेच नाव दिले. विक्री बेताचीच झाली, भागीदारी तुटली व फ्रान्सिओनीचे नाव पुढच्या प्रचलित कथेतून जवळजवळ पुसले गेले. चकतीच्या इतिहासात त्याच्यावर झालेला हा अन्याय नोंदविणे आवश्यक आहे.

मॉरिसनने १९५५ मध्ये सुधारित चकती काढली व ग्रहावरून तिला ‘प्लूटो प्लॅटर’ म्हटले. जानेवारी १९५७ मध्ये तिचे हक्क त्याने व्हॅम-ओ या कॅलिफोर्नियातील खेळणी बनविणाऱ्या कंपनीस विकले. रिचर्ड नर व आर्थर मेलिन हे तिचे संस्थापक. कमरेभोवती फिरवावयाच्या ‘हुला हूप’ या कड्याची जगभरची लाट त्यांनीच १९५८ मध्ये उसळविली. पूर्वेकडील महाविद्यालयांत रूढ असलेला शब्द कानावर आल्यावर कंपनीने तो किंचित वर्णबदल करून १९५७ मध्येच चकतीला दिला. मॉरिसनला हे नाव मुळीच रुचले नव्हते. मूळ भटारखाना १९५८ मध्ये बंद पडला. त्याचे नाव मात्र चकतीवर जगप्रसिद्ध झाले.

तोपर्यंत चकती हे केवळ खेळणे होते. तिचे क्रीडासाधनात रूपांतर करण्याचे श्रेय एड हेड्रिक (मृत्यू २००२) यास द्यावे लागते. १९६४ मध्ये व्हॅम-ओत आलेल्या हेड्रिकने चकतीची कड जड केली व माथ्यावर समकेंद्री उंचवट्यांच्या रेषा दिल्या. या सुधारणेचे एकस्व त्यास डिसेंबर १९६७ मध्ये मिळाले. या बदलाचे महत्त्व समजण्यास चकतीच्या उड्डाणाचे तत्त्व ध्यानी घ्यावे लागते. चकतीचा माथा फुगीर व पोट पोकळ असल्याने पुढे जाताना तिच्यावर विमानाच्या पंखाप्रमाणे उत्थापक बल निर्माण होते. परंतु हे बल नेमके गुरुत्वमध्यावर कार्य करीत नाही; त्यामुळे न फिरणारी चकती क्षणात कलंडते. तिला स्वतःभोवती वेगाने फिरविली, म्हणजे भोवऱ्याप्रमाणे तिचा अक्ष आपली दिशा सोडीत नाही व कलंडण्याचा जोर दिसेनासा होतो. वस्तुमान कडेला जितके अधिक, तितके हे स्थैर्य अधिक. वेग मंदावल्यावर मात्र तो जोर पुन्हा जाणवतो, आणि फिरत्या वस्तूच्या स्वभावानुसार चकती पुढे-मागे न कलता एका बाजूस कलते. म्हणून उजव्या हाताने उलट्या हाताची फेक केल्यास चकती अखेरीस डावीकडे वळत उतरते. चेंडूस असाध्य असा हा वळसा प्रतिस्पर्ध्याला चुकवून सहकाऱ्यापर्यंत पोहोचतो, व चकती-खेळांतील बहुतेक सारे कौशल्य त्यावर आधारलेले आहे. शिवाय चकती हवेत रेंगाळते. तिच्याखाली धावत जाऊन ती उडी मारून झेलण्यास अवसर मिळतो. अंतराची मर्यादाही या साधनाने आश्चर्यकारक रीतीने ओलांडली. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नेव्हाडा राज्यातील वाळवंटात, अनुकूल वाऱ्यात, डेव्हिड विगिन्स (कनिष्ठ) याने ३३८ मी. फेक केली.

चकती-खेळांपैकी आरंभीचा संघटित प्रकार गट्स हा होय. समोरासमोर सु. १४ मी. अंतरावर पाच-पाच खेळाडूंच्या दोन रांगा उभ्या राहतात व चकती शक्य तितक्या जोराने प्रतिपक्षाच्या रांगेवर फेकतात. ती एका हाताने झेलावी लागते. मिशिगन राज्याच्या उत्तर भागात त्याच्या वार्षिक स्पर्धा १९५८ पासून भरू लागल्या. मुक्तशैलीत चकती बोटाच्या टोकावर फिरवीत ठेवून तिच्या साहाय्याने नृत्यासारख्या हालचाली करतात. तिची पहिली स्पर्धा १९७४ मध्ये टोराँटो येथे झाली. दुहेरी चकती या प्रकारात दोन-दोन खेळाडूंच्या जोड्यांत एकाच वेळी दोन चकत्या खेळत्या असतात व दोन्ही एकदम आपल्या हाती येऊ न देण्याचे कसब पणाला लागते. चकती झेलणारे कुत्रे हा प्रेक्षकांच्या आवडीचा विषय ठरला तो १९७४ मध्ये. लॉस अँजेल्समधील बेसबॉलच्या सामन्यात ॲलेक्स स्टाइन हा तरुण आपल्या ॲश्ली व्हिपेट या कुत्र्यास घेऊन परवानगीवाचून मैदानात उतरला आणि दूरचित्रवाणीवरून तो खेळ देशभर दिसला.

चकती-गोल्फ हा या सर्वांत अधिक लोकप्रिय ठरला. त्याचे पूर्वरूप कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात आढळते. तेथील ब्लॅडवर्थ या गावच्या शाळकरी मुलांनी १९२६ मध्ये पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ रचला होता. तो गावाबाहेर गेला नाही. पुढे कॅलिफोर्नियात १९७५ मध्ये पासाडीनाजवळील ओक ग्रोव्ह उद्यानात हेड्रिकने पहिले कायमस्वरूपी क्रीडांगण आखले. आरंभी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते व चकती खांबास लागली की नाही यावरून वाद होत. ते टाळण्यासाठी त्याने खांबाभोवती साखळ्या व खाली टोपली अशी रचना योजिली. साखळ्यांत अडकून चकती टोपलीत पडते व वादास जागा उरत नाही. व्यावसायिक खेळाडूंची संघटनाही त्यानेच १९७६ मध्ये उभारली. हेड्रिकच्या मृत्यूनंतर त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही चकत्या तयार करण्यात आल्या.

हे खेळ चकती बनविणाऱ्यांच्या व विकणाऱ्यांच्या आश्रयाने वाढले. अल्टिमेट मात्र शाळकरी मुलांनी निर्माण केला. १९६८ च्या उन्हाळ्यात मॅसॅचूसेट्समधील एका विद्यार्थिशिबिरात जेरेड कास हा महाविद्यालयीन तरुण चकतीने अमेरिकन फुटबॉलसारखा एक खेळ मुलांना शिकवीत असे. त्या मुलांत न्यू जर्सी राज्यातील मेपलवुड येथील कोलंबिया हायस्कूलचा जोएल सिल्व्हर हा विद्यार्थी होता. सुटीनंतर त्याने शाळेच्या विद्यार्थी मंडळापुढे शाळेत हा खेळ सुरू करण्याचा प्रस्ताव मांडला. तो काहीसा थट्टेनेच मांडला होता व थट्टेनेच संमत झाला. संघात खेळाडू म्हणून नावाजलेली मुले नव्हती. शाळेच्या वृत्तपत्राचे व विद्यार्थी मंडळाचे सदस्य त्यात होते. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात शाळेच्या वाहनतळावर ते खेळत. प्रारंभी चकती घेऊन धावण्याची मुभा होती व फुटबॉलप्रमाणे डाव मोजले जात. हे दोन्ही लवकरच सोडून दिले आणि त्यामुळेच खेळास स्वतःचे रूप आले. सिल्व्हर, बझी हेलरिंग व जॉन हाइन्स यांनी नियम लेखनिबद्ध केले व १९७० मध्ये ते छापले. सिल्व्हर पुढे हॉलिवुडमध्ये चित्रपटनिर्माता म्हणून गाजला. हेलरिंग १९७१ मध्ये मोटार अपघातात मरण पावला.

पहिला आंतरशालेय सामना ७ नोव्हेंबर १९७० रोजी मिलबर्न हायस्कूलशी झाला व कोलंबियाने तो ४३–१० असा जिंकला. शाळेतून बाहेर पडलेली मुले ज्या ज्या महाविद्यालयांत गेली, तेथे खेळ गेला. रट्गर्झ व प्रिन्स्टन या विद्यापीठांतील पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना न्यू ब्रन्झविक येथे ६ नोव्हेंबर १९७२ रोजी जाणीवपूर्वक ठेवण्यात आला. बरोबर १०३ वर्षांपूर्वी याच दोन संस्थांत व त्याच जागी अमेरिकेतील पहिला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामना झाला होता व रट्गर्झने तो दोन गुणांनी जिंकला होता. चकतीचा सामनाही रट्गर्झनेच २९–२७ असा, दोनच गुणांनी, जिंकला. या योजनेत जशी थट्टा होती, तसाच दावाही होता. व्हिएटनाम युद्धाच्या विरोधाने ढवळून निघालेल्या त्या पिढीस शालेय फुटबॉलमधील प्रशिक्षकांची हुकमत, गणवेश व देहबळाचे प्रदर्शन यांविषयी आस्था राहिलेली नव्हती. स्पर्धा तर हवी, पण तीतील सत्ता नको, असा तिचा कल होता.

आज रूढ असलेल्या अल्टिमेटचे मैदान १०० मी. लांब व ३७ मी. रुंद असते. त्याच्या दोन्ही टोकांस प्रत्येकी १८ मी. खोलीचे गुणक्षेत्र असते. प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. पुळणीवर व बंदिस्त जागेत साधारणतः पाच. चकतीचे वजन १७५ ग्रॅ. व व्यास सु. २७ सेंमी. असतो. चकती हाती असलेल्याला धावता येत नाही. एक पाय रोवून त्याभोवती फिरता येते. त्याच्यासमोर उभा असलेला प्रतिपक्षी मोठ्याने दहा सेकंद मोजतो व तेवढ्यात चकती फेकावी लागते. ती खाली पडली, मैदानाबाहेर गेली किंवा प्रतिपक्षाने अडविली, तर ताबा बदलतो. प्रतिपक्षाच्या गुणक्षेत्रात सहकाऱ्याने ती झेलली, की एक गुण होतो. सामान्यतः प्रथम पंधरा गुण करणारा संघ विजयी ठरतो. अंगलट करण्यास मनाई आहे.

पंचाचा अभाव हा आरंभी गरजेचा भाग होता. वाहनतळावर थट्टेने खेळणाऱ्यांस पंच कोठून मिळणार? गल्लीबोळांतील सर्वच खेळ पंचावाचून चालतात. आपल्याकडील विटी-दांडू व आट्यापाट्या हेही तसेच चालत. संघटना आली, की तिच्यामागोमाग पंच येतो, हा सर्वसाधारण क्रम. अल्टिमेटमध्ये मात्र खेळ वाढू लागल्यावर त्यात पंच आणण्याऐवजी पंच का नको, हे शब्दांत मांडले गेले. १९७० नंतरच्या दशकात नियमावलीत एक कलम आले. खेळाडूने अटीतटीने खेळावे, परंतु परस्परांविषयीचा आदर, नियमांचे पालन व खेळाचा निखळ आनंद यांचा बळी देऊन नव्हे, असा त्याचा आशय होता. इंग्रजीत त्यास ‘खेळाचा आत्मा’ अशा अर्थाचे नाव असून मराठीतील ‘खिलाडूवृत्ती’ हा शब्द त्यास जवळचा होय.

एवढ्या सदिच्छेवर खेळ चालला असता असे मानणे भोळेपणाचे ठरेल. त्यामागे नियमांची एक चतुर योजना आहे. आपल्यावर नियमभंग झाला असे वाटणारा खेळाडू तसे पुकारतो व खेळ थांबतो. प्रतिपक्षाच्या संबंधित खेळाडूने ते मान्य केले, तर नियमानुसार भरपाई मिळते. अमान्य केले, तर दोघे थोडक्यात आपापली बाजू मांडतात. तरीही मतभेद उरला, तर चकती बहुधा आधीच्या फेकणाऱ्याकडे परत जाते व तो प्रसंग पुन्हा खेळला जातो. म्हणजे न मिटलेल्या वादाचा फायदा कोणालाच होत नाही व तोटाही थोडा होतो. खोटे बोलून फार काही मिळवता येत नाही, ही गोष्ट खेळाडूंचे खरेपण जपण्यास उपदेशापेक्षा अधिक साहाय्यक ठरली आहे. सामन्यानंतर प्रत्येक संघ दुसऱ्याच्या वर्तनास गुण देतो. नियमांचे ज्ञान, अंगलट टाळणे, न्यायबुद्धी, आत्मसंयम व संवाद या पाच बाबींस प्रत्येकी ० ते ४ गुण असतात. स्पर्धेत सर्वाधिक वर्तनगुण मिळविणाऱ्या संघास अजिंक्य संघाप्रमाणेच पारितोषिक दिले जाते.

ही व्यवस्था सर्वत्र सारखीच यशस्वी झाली असे नाही. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेतील बलाढ्य संघांच्या चुरशीत पुकारे व प्रतिपुकारे यांनी सामने रेंगाळू लागले. जाणूनबुजून नियम मोडणाऱ्यास शिक्षा कोणती, हा प्रश्न अनुत्तरित होता. अमेरिकन संघटनेने त्यावर ‘निरीक्षक’ नेमण्याचा मध्यममार्ग काढला. निरीक्षक मुख्यतः खेळाडूंचा वाद मिटत नसेल व त्यांनी विचारले, तर निर्णय देतो. जागतिक महासंघाने तेही स्वीकारले नाही. मोठ्या सामन्यांत त्याने नेमलेले सल्लागार केवळ नियम समजावून सांगतात, निर्णय खेळाडूंचाच राहतो. याउलट अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक साखळी-स्पर्धेने (२०२४ पासून ‘अल्टिमेट फ्रिस्बी असोसिएशन’) सरळ पंच नेमले, मैदान वाढविले व सामना घड्याळावर खेळविला. तेथेही एक अपवाद ठेवावा लागला : पंचाने आपल्या बाजूने दिलेला निर्णय चुकीचा आहे असे खेळाडूस वाटल्यास तो स्वतःहून नाकारू शकतो. पंच आणूनही जुना संकेत पूर्णपणे सोडवला नाही, हे यावरून दिसते.

खेळाच्या संघटना प्रारंभापासून खेळाडूंच्याच हाती राहिल्या. अमेरिकेतील खेळाडूंची संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. यूरोपीय अजिंक्यपदाची पहिली स्पर्धा १९८० मध्ये पॅरिसला व जागतिक अजिंक्यपदाची १९८३ मध्ये स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे झाली. जागतिक महासंघ १९८५ मध्ये अस्तित्वात आला. वर्ल्ड गेम्स या बहुक्रीडा स्पर्धेत २००१ मध्ये जपानमधील आकिता येथे अल्टिमेटला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले; स्त्री-पुरुषांचे मिश्र संघ हे तेथील त्याचे वैशिष्ट्य. जपानमध्ये खेळ विशेष रुजला असून २०१२ च्या जागतिक स्पर्धेत त्या देशाच्या महिलांनी सुवर्णपदक पटकावले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने महासंघास २०१३ मध्ये तात्पुरती व २०१५ मध्ये पूर्ण मान्यता दिली. २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकसाठी मात्र चकती-खेळाची निवड झाली नाही. २०२३ मध्ये ज्या पाच खेळांची भर घालण्यात आली, त्यांत क्रिकेट आहे. ज्या पुळणींवर चकती जन्मली, त्या प्रदेशातील स्पर्धेत तिला स्थान नसावे, हा योगायोग खेळाडूंना जाचला.

भारतात अल्टिमेटचा प्रसार मुख्यतः एकविसाव्या शतकात, परदेशात शिकून आलेल्या तरुणांमुळे व परदेशी पाहुण्यांमुळे झाला. चेन्नईच्या पुळणीवर, तसेच बंगळूर, अहमदाबाद, दिल्ली, मुंबई, पुणे इ. शहरांत संघ उभे राहिले व त्यांतून राष्ट्रीय संघटना निर्माण झाली. २०१५ मधील दुबई येथील पुळणीवरील जागतिक स्पर्धेत व २०१६ मधील लंडनच्या जागतिक स्पर्धेत भारतीय संघ उतरले. येथे मिश्र संघांची प्रथा प्रथमपासून प्रबळ आहे. साधन स्वस्त व एकच, मैदानास विशेष सिद्धतेची गरज नाही आणि पंचाचे मानधनही नाही, यामुळे वस्त्यांतील मुलांमुलींसाठी काम करणाऱ्या काही सामाजिक संस्थांनी तो हाती घेतला. त्यांच्या दृष्टीने खेळ थांबवून प्रतिपक्षाशी समोरासमोर, आवाज न चढवता बोलण्याचा सराव हाच या खेळाचा मोठा लाभ आहे. मुलाने पुकारलेला नियमभंग मुलीने अमान्य करावा व दोघांचे म्हणणे सारखेच मोजले जावे, असा प्रसंग इतर मैदानी खेळांत क्वचितच येतो.